‘मुळे’ हा शब्द नव्हता, तरीही

संशोधन नियतकालिकाने निबंध स्वीकारला की पुढचं काम आमच्या टेबलावर येतं: सामान्य वाचकासाठी 250 शब्दांचा सोपा सारांश आणि बातमीदारांसाठी प्रसिद्धिपत्रक. निबंध पंधरा पानांचा, सारांश जेमतेम एका पानाचा, आणि भानगडी बहुतेक त्या एका पानातच होतात.

त्या सोमवारचा निबंध झोप आणि उच्च रक्तदाबाविषयी होता. पत्रक दुपारपर्यंत बातमीदारांना जायचं होतं. एम्बार्गो बुधवारी दुपारी 4 चा, लंडनच्या वेळेनुसार. म्हणजे मजकूर आधी मिळणार, पण त्या वेळेआधी कोणी छापायचा नाही. अभ्यास निरीक्षणात्मक होता. लोक जसे झोपत होते तसे झोपू दिले आणि काही वर्षांनी कोणाला रक्तदाब आहे ते पाहिलं. (निबंध ओळखू येऊ नये म्हणून त्यातले आकडे देत नाही; खालचे गोल आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवण्यासाठी.)

संशोधकांनी पाठवलेल्या कच्च्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य होतं: ‘कमी झोपेमुळे उच्च रक्तदाबाचा धोका 25 टक्क्यांनी लक्षणीयरीत्या वाढतो.’ एका वाक्यात तीन खड्डे.

पहिला ‘मुळे’. निरीक्षणात्मक अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्याला आधीच काही दुखणं आहे त्याची झोप त्यानेच उडालेली असू शकते, किंवा कामाचा ताण झोपही खातो आणि रक्तदाबही वाढवतो. वय, वजन, धूम्रपान यांचा परिणाम गणिताने वेगळा काढलेला असतो हे खरं, पण जे मोजलंच नाही ते वेगळं काढणार कसं? दुसरा खड्डा ‘लक्षणीय’. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ इतकाच की हा फरक निव्वळ योगायोगाने पडणं अवघड आहे. फरक मोठा आहे की किरकोळ, हे तो शब्द सांगत नाही. वाचकाला मात्र तो ‘मोठा’ असाच ऐकू येतो. सोप्या सारांशात हा शब्द मी सरळ काढून टाकते. तिसरा 25 टक्के, त्यावर येतेच.

दुरुस्त वाक्य झालं: ‘कमी झोपणाऱ्यांना उच्च रक्तदाब होण्याचं प्रमाण 25 टक्क्यांनी जास्त असतं.’ ‘मुळे’ गेलं, ‘लक्षणीय’ गेलं. आता चाचणी. आमच्याकडे पद्धत अशी की विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला सारांश एकदा वाचायला द्यायचा, कागद काढून घ्यायचा आणि ‘काय कळलं ते सांगा’ म्हणायचं. ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळे होच म्हणतात. हिशेब विभागातल्या मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, “म्हणजे शंभरातल्या पंचवीस जणांना बीपी होतो. जागरण करू नये, एवढंच ना?”

शब्द काढला तरी कारण जागेवरच होतं! ‘असतं’ या साध्या वर्तमानकाळाने ते परत आणलं, कारण या रूपात सांगितलेली गोष्ट मराठीत नियमासारखी वाटते. ‘आढळलं’ म्हटलं की ती त्या अभ्यासापुरती, त्या लोकांपुरती राहते. पुढे एक स्पष्ट वाक्यही घालावं लागलं: ‘झोप वाढवली तर रक्तदाब कमी होईल का, हे या अभ्यासातून सांगता येत नाही.’

आणि ते शंभरातले पंचवीस. ‘25 टक्क्यांनी जास्त’ हा सापेक्ष, म्हणजे दुसऱ्या गटाच्या तुलनेतला आकडा; तो मूळ प्रमाण सांगितल्याशिवाय कधीच देऊ नये. पुरेसं झोपणाऱ्या 1000 जणांत 80 जणांना रक्तदाब आढळला आणि कमी झोपणाऱ्या 1000 जणांत 100, तर वाढ 25 टक्के. पण प्रत्यक्षात हजारात 20 जण जास्त. दोन्ही बाजूंना छेद एकच ठेवायचा. ‘12 पैकी 1’ आणि ‘10 पैकी 1’ असं लिहिलं तर तुलना वाचकाच्या डोक्यात होत नाही. 2015 साली प्रक्रिया केलेल्या मांसाबाबत असाच गोंधळ झाला होता. रोज 50 ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी जास्त, हा आकडा जगभर गेला. जिथे आयुष्यभरात 100 पैकी 6 जणांना तो होतो, तिथे याचा अर्थ साधारण 7 असा होतो. हे दुसरं वाक्य फारच थोड्यांच्या लक्षात राहिलं.

संशोधक फोनवर वैतागले. “मर्यादा आम्ही निबंधात लिहिल्या आहेत की!” लिहिल्या होत्या, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, आणि निबंध वर्गणीच्या कुंपणाआड. त्यांची खरी भीती वेगळी होती: इतकं सावध लिहिलं तर कोण छापणार? यावर बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 2014 साली आलेला अभ्यास उपयोगी पडतो. ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांची 462 पत्रकं तपासली, तेव्हा 33 टक्क्यांत निबंधात होता त्यापेक्षा ठाम कार्यकारणभाव सांगितलेला निघाला. पत्रकात अतिशयोक्ती असली तर 81 टक्के बातम्यांत ती उतरली, नसली तर 18 टक्के. सावध वाक्यांनी बातम्या कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही. दोष बातमीदारांच्या माथी मारण्याआधी हे आकडे बघावेत.

दुपारी भलतंच निघालं. याच निबंधाचा प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीचा मसुदा, आधीपासून इंटरनेटवर फुकट उपलब्ध होता आणि त्यातला मुख्य आकडा जास्त होता; परीक्षकांच्या सांगण्यावरून नंतर फेरगणित झालं होतं. बातमीदार फुकटचाच दुवा देणार. प्रीप्रिंटच्या पानावर ‘प्रकाशित आवृत्ती इथे’ ही ओळ बऱ्याचदा शीर्षक आणि लेखक जुळवून आपोआप येते, पण इथे शीर्षक बदललेलं, म्हणजे जुळणी होणार नाही हे धरूनच चालावं लागलं. संशोधकांना प्रीप्रिंट ठेवणाऱ्या सर्व्हरला स्वतः कळवायला लावलं आणि पत्रकात ओळ घातली: ‘आधीच्या मसुद्यातला आकडा वापरू नये.’ डीओआयचं, म्हणजे निबंधाच्या कायमच्या डिजिटल ओळखक्रमांकाचंही तसंच. तो पत्रकात छापलेला असतो, पण नोंदणी होईपर्यंत दुवा उघडत नाही. ती एम्बार्गो उठायच्या क्षणी झाली पाहिजे हे निर्मिती विभागाला लेखी कळवलं. नाही तर बातमी निघते आणि निबंध सापडत नाही.

गुरुवारी सकाळी बातम्या पाहिल्या. बहुतेकांनी हजारातले 20 हेच घेतलं होतं. एका ठिकाणी मजकूर अगदी नेटका, आणि वर मथळा: ‘कमी झोपेमुळे बीपी!’ मथळा बातमीदार देत नाही, बातम्या संपादित करणारं डेस्क देतं, म्हणून थेट डेस्कला फोन केला. तासाभरात ‘मुळे’ निघालं. त्या वेबपानाच्या पत्त्यात ते अजून आहे, आणि तोवर पुढे पाठवल्या गेलेल्या दुव्यांवरही जुनाच मथळा दिसतो.