बसली, पण चालेना

तुळशीची लग्नं उरकली की आमच्या कोल्हापुरात पत्रिका छापणाऱ्यांना जेवायलाही सवड नसते. अशाच दिवसांत एक डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवणारे) काका लॅपटॉप छातीशी धरून माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात आले. "दादा, उद्या पत्रिका द्यायच्यात आणि ह्यो नुसता काळा पडलाय बघा."

आतला प्रोसेसर पाचव्या पिढीचा आय-३, रॅम चार जीबी, स्लॉट एकच. पत्रिका डिझाइन करायचं कोरल ड्रॉ सॉफ्टवेअर उघडेपर्यंत जीव जायचा, म्हणून काकांनी कुणाकडून तरी आठ जीबीची वापरलेली रॅम मिळवली आणि पुतण्याने ती घरीच बसवली. तेव्हापासून बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. स्क्रीनवर काही नाही. जुनी रॅम परत लावली, तरी तेच. मग एका दुकानात नेला, तर तिथे न उघडताच निकाल मिळाला, "बोर्ड गेला," म्हणजे मुख्य मदरबोर्डच.

आमच्या धंद्यात एवढं सोपं वाक्य दुसरं नाही.

मागचं कव्हर काढून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. हल्ली बॅटरी आतच असते, त्यामुळे लॅपटॉप बंद असला तरी बोर्डावर करंट असतो. पुतण्याने तो कनेक्टर तसाच ठेवून रॅम काढली-घातली होती. नशीब, काही जळलं नव्हतं. टेबलावरच्या, करंट दाखवणाऱ्या सप्लायवर १९ व्होल्ट देऊन बटण दाबलं. करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास चढला, तिथेच अडकला, खाली आला, पुन्हा चढला. मेन लाइन शॉर्ट असती तर सप्लायने लगेच मान टाकली असती. इथे बोर्ड उठत होता, रॅम शोधत होता, सापडली नाही की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता.

"पण जुनी रॅम तर परवापर्यंत चालत होती की!" काका म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. म्हणजे संशय स्लॉटवर. भिंगाच्या दिव्याखाली पाहिलं तर पिनांच्या फटीत पांढुरके कण अडकलेले. पुतण्याला फोन लावला. व्हिडिओत बघून त्याने रॅमचे सोनेरी पट्टे खोडरबराने घासले होते, तेही उघड्या लॅपटॉपवरच धरून! हा उपाय खोटा नाही; पट्ट्यांवरचा मळ खोडरबराने निघतो, मीही वापरतो. पण मशीनपासून लांब, आणि नंतर आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. २०४ पिनांपैकी मोक्याची एखादी जरी टेकली नाही, तरी लॅपटॉप काळाच राहतो.

मऊ ब्रश, आयपीए, ब्लोअर. जुनी रॅम तिरकी सरकवून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या पकडी टक् करून बसल्या. या वेळी करंट अर्ध्या अँपिअरवर न थांबता वर गेला आणि स्क्रीन उजळली. फायली दिसल्यावरच काका खुर्चीत टेकले. पत्रिकांचं फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घ्यायला लावलं, मगच नव्या रॅमकडे वळलो.

तिच्या लेबलवर होतं पीसी३-१२८००एस. हवी होती पीसी३एल. त्या एका 'एल'चा अर्थ १.३५ व्होल्टवर चालणारी. एल नसलेली साधी डीडीआर३ (पीसी३ म्हणजे हीच) दीड व्होल्ट मागते आणि पाचव्या पिढीचे हे लॅपटॉप तेवढे देतच नाहीत. पिना तेवढ्याच, खाचही त्याच जागी, त्यामुळे ती आरामात बसते. पुढच्या पिढीच्या डीडीआर४ला २६० पिना आणि खाच वेगळी, ती मुळात शिरतच नाही. निदान माणूस फसत तरी नाही. एल असलेली रॅम बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये दीड व्होल्टवरही चालते, उलटं मात्र सहसा होत नाही. विकणाऱ्याने काकांना फक्त "डीडीआर३ आहे न्हवं, बसती" एवढंच सांगितलं होतं. बसली होतीच की.

माझ्याकडे भंगारातल्या एका लॅपटॉपची आठ जीबीची एलवाली होती. ती लावली, काकांना चहा पाजेपर्यंत रॅम तपासणाऱ्या मेमटेस्टची एक फेरी पार पडली, एकही एरर नाही. रात्रभर चालवली असती तर मला अधिक बरं वाटलं असतं, पण पत्रिका थांबणार नव्हत्या.

त्यांची दीड व्होल्टवाली मी किमतीत वळती करून ठेवून घेतली. रॅम चांगलीच होती. पुढे एका शिंपीदादांच्या दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये ती बसली, आणि चाललीही.