नेब्रास्काच्या विधिमंडळात तेलवाहिनीवर साक्ष देताना

नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या राज्यपालांनी कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीच्या प्रश्नावर विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. मी तेव्हा लिंकनमध्ये भूजलाचं काम करत होते. कॅनडातल्या अल्बर्टाचं कच्चं तेल सँडहिल्स या नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशातून जाणार होतं, आणि तिथे वाळूखालचं पाणी इतकं वर आहे की सखल जागी त्याची तळी होतात.

नेब्रास्काचं विधिमंडळ एकसदनी, ४९ सदस्यांचं. प्रत्येक विधेयकाची जाहीर सुनावणी होते आणि तिथे कुणीही बोलू शकतं. मी नागरिक नव्हते, म्हणून आधी फोन करून खात्री केली. आपल्याकडे विधेयक समितीकडे गेलं तरच सहसा हरकती-सूचना मागवतात. त्यामुळे या हक्काचं मला फार मोल वाटलं.

बोलण्याआधी फॉर्म भरायचा. समर्थक आधी, मग विरोधक, शेवटी तटस्थ. माईकसमोर बसल्यावर नाव सांगून त्याची अक्षरं सुटी सुटी सांगायची, कारण शब्दन् शब्द नोंदला जातो.

खरी मेहनत आदल्या रात्रीची. तेलवाहिनीचा मार्ग मंजूर करण्याचा अधिकार राज्याच्या लोकसेवा आयोगाला (नोकरभरतीचा नव्हे, सार्वजनिक सेवांचं नियमन करणारा) देणारं ते विधेयक मी ओळ न ओळ वाचलं. तेलवाहिन्यांची सुरक्षितता केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून गळतीचा मुद्दा कायद्याबाहेर ठेवला होता. पाण्याच्या माणसाला हे पचणं कठीण! पण मार्गाबद्दल बोलायला वाव होता. म्हणून मी मातीवर बोलले: सँडहिल्सच्या वाळूवरचं गवत एकदा उखडलं की वारा तिथे खड्डा कोरत जातो, आणि ती जमीन पुन्हा धरायला वर्षं लागतात. माझ्या आधी बोललेल्या पशुपालकांनी हेच आपापल्या कुरणांची उदाहरणं देऊन सांगितलं होतं.

त्याच महिन्यात तेलवाहिनीच्या कंपनीने सँडहिल्स टाळायचं मान्य केलं आणि विधेयक एकमताने मंजूर झालं. पण २०१२ मध्ये दुसरं विधेयक आलं: कंपनीने हवं तर आयोगाऐवजी थेट राज्यपालांकडून मंजुरी घ्यावी. मी पुन्हा गेले, या वेळी विरोधकांच्या रांगेत. ते ४४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झालं. जमीनमालक कोर्टात गेले. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सातपैकी चार न्यायाधीशांनी कायदा घटनाबाह्य ठरवला, पण नेब्रास्काच्या घटनेनुसार पाच लागतात, म्हणून तो टिकला. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मंजूर केलेलं तेलवाहिनीला परवानगी देणारं विधेयक त्याच वर्षी ओबामांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं.

ट्रम्प यांच्या काळात कंपनीने आयोगाकडेच अर्ज केला आणि प्रकरण अखेर आयोगापुढे आलं. १६ नोव्हेंबर २०१७ ला शेजारच्या साउथ डकोटात याच कंपनीची जुनी कीस्टोन वाहिनी फुटली आणि हजारो बॅरल तेल शेतात सांडलं. चार दिवसांनी आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी पर्यायी मार्ग मंजूर केला. त्या गळतीचा विचार करायची मुभा कायद्याने त्यांना दिलीच नव्हती. ही वाहिनी शेवटी २०२१ मध्ये रद्द झाली, ती बायडन यांनी केंद्राचा परवाना काढून घेतल्यावर.