नऊ डॉलर वीस सेंटांत अख्खं राज्य

ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य आकाराने महाराष्ट्राच्या साधारण पाऊणपट आणि लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास. त्यातले पन्नास लाखांहून जास्त लोक एकट्या मेलबर्नात. बाकी जिलाँग, बॅलरॅट, बेंडिगो अशी दोन-चार मोठी शहरं आणि त्यांच्या पलीकडे गहू, मेंढ्या, द्राक्षं. अशा ठिकाणी गावोगावी पॅसेंजर चालवणं हा तोट्याचा धंदा आहे, हे कुणीही सांगेल. तरीही इथलं सरकार पंचवीस वर्षांपासून ती वाढवत आलंय. व्हीलाइन नावाची सरकारी कंपनी ती चालवते. शहरातल्या लोकल वेगळ्या, या गाड्या वेगळ्या.

वाढवायची गरज का पडली, तर आधी मोडून ठेवली होती म्हणून. १९९३ साली तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, जेफ केनेट यांच्या सरकारने खर्च कमी करायचा म्हणून बेर्न्सडेल, लिओनगाथा, मिल्ड्युरा या गावांच्या गाड्या बंद करून त्यांच्या जागी बस दिली. पुढे सरकार बदललं. २००४ मध्ये बेर्न्सडेल आणि अरारात या दोन्ही गावांना गाडी परत मिळाली, २०१० मध्ये मेरीबरोला. मेरीबरोचं स्टेशन म्हणजे एखाद्या राजधानीला शोभावं असं प्रकरण, पण गाव लहान. सुरुवातीला तिथे दिवसाला जाऊन-येऊन एकच गाडी होती. गावकऱ्यांनी तिचंही स्वागत केलं.

लिओनगाथालाही गाडी परत द्यायचं आश्वासन होतं, ते मात्र नंतर सरकारनेच मागे घेतलं. मिल्ड्युराबद्दल पुढे सांगतो.

त्याच सुमाराला बॅलरॅट, बेंडिगो, जिलाँग आणि पूर्वेकडचा लाट्रोब खोऱ्यातला मार्ग वेगवान करायचं काम निघालं. डँडेनाँगच्या कारखान्यात बांधलेल्या, ताशी १६० किलोमीटरने धावणाऱ्या डिझेल गाड्या आल्या. सगळं झकास. पण बेंडिगोच्या वाटेवर काइनटनच्या पुढे १८६२ पासूनची दुहेरी लाइन होती, दगडी पूल आणि बोगद्यांसकट. तिचा बराचसा भाग त्यांनी एकेरी करून टाकला! खर्चाच्या हिशेबात हे बसलं असेल, पण आज त्या मार्गावर गाड्या वाढवायच्या म्हटल्या की पहिली अडचण तीच. समोरची गाडी येईपर्यंत क्रॉसिंगला थांबणं काय असतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. गाडी १६० ने धावू शकते म्हणून ती थांबलेली असताना वेळ लवकर जातो, असं काही नाही.

माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात मोठं काम रुळांवर झालंच नाही, ते तिकिटावर झालं. ३१ मार्च २०२३ पासून राज्यात कुठूनही कुठेही जा, दिवसभराचं तिकीट मेलबर्न शहरातल्या दिवसभराच्या तिकिटाइतकंच. तेव्हा ते ९ डॉलर २० सेंट होतं, नंतर वाढत गेलं. पण शहर आणि गाव यांना एकच भाव, हे तत्त्व टिकून आहे. त्याआधी लांबच्या गावाचं जाऊन-येऊन तिकीट याच्या कित्येक पट पडायचं. माझ्या ऑफिसातला एक सहकारी बेंडिगोहून येतो. आधी तो आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचा, आता तीनदा येतो आणि गाडीत बसून ईमेल उरकतो. शनिवारी मेलबर्नच्या सदर्न क्रॉस या मोठ्या स्टेशनवर गेलात तर कळेल, आजी-आजोबा नातवंडांना भेटायला, विद्यार्थी घरी, आणि आपली देशी मंडळी डबे घेऊन बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणी बघायला निघालेली असतात.

आणि मग गर्दी. तिकीट एका रात्रीत स्वस्त होतं, गाडीचे डबे मात्र एका रात्रीत वाढत नाहीत. लांबच्या गाड्यांना आरक्षण असतं, पण बॅलरॅट-बेंडिगोच्या गाड्यांना नाही. त्यामुळे सुटीच्या दिवशी दाराजवळ पिशव्यांवर बसलेली माणसं आता नवलाची राहिली नाहीत.

आता आमच्याबद्दल. मी राहतो टार्नेटला, मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात. इथे निम्म्या बाजारात पंजाबी आणि तेलुगू ऐकू येतं, मराठी मंडळीही बरीच. जून २०१५ पर्यंत इथे स्टेशनच नव्हतं. जिलाँगच्या गाड्यांना शहराच्या लोकलमागे रखडावं लागू नये म्हणून सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र मार्ग बांधला आणि तो मोकळ्या माळावरून नेला. वाटेत टार्नेट आणि विंडम व्हेल अशी दोन स्टेशनं ठेवली. माळावर घरं उगवली, आणि टार्नेट हे सदर्न क्रॉसखालोखाल व्हीलाइनचं सगळ्यात गजबजलेलं स्टेशन झालं. म्हणजे जिलाँगकरांची सुटका करायला बांधलेल्या मार्गावर सकाळी साडेसातला आम्ही उपनगरवाले घुसतो. जिलाँगचा माणूस तासाभराचा प्रवास करून येतो, त्याला बसायला हवं. आम्हाला अर्धा तास जायचं, आम्हाला चढायला हवं. दोघेही एकमेकांकडे रागाने बघतो, आणि दोघांचंही बरोबर असतं. मुंबईत विरारच्या गाडीत बोरिवलीकर चढला की जे होतं तेच, फक्त इथे कुणी तोंडाने बोलत नाही.

यावर उपाय एकच: टार्नेटपर्यंत तारा टाका, शहराची विजेवरची लोकल आणा, आणि जिलाँगची गाडी न थांबता जाऊ द्या. २०१८ मध्ये विद्युतीकरणाचा आराखडा जाहीरही झाला. तारा अजून दिसत नाहीत. टार्नेटच्या पश्चिमेला आणखी एक स्टेशन मात्र बांधायला घेतलंय, म्हणजे त्याच डिझेल गाडीला आणखी एक थांबा.

याच नव्या मार्गाने जानेवारी २०१६ मध्ये एक धडा दिला होता. गाड्यांची चाकं अपेक्षेपेक्षा भलत्याच वेगाने झिजू लागली. नॉर्थ मेलबर्नजवळच्या उड्डाणपुलावरची तीव्र वळणं त्याच्या कारणांपैकी एक निघाली. शिवाय एका गाडीने फाटकाची यंत्रणा वेळेवर चालूच केली नाही. बऱ्याच गाड्या काढून घेतल्या, लोकांना बसमध्ये बसवलं आणि काही दिवस प्रवास फुकट केला. फुकट असूनही कुणी खूश नव्हतं.

राहिलं मिल्ड्युरा. मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटर, द्राक्षं-बदामांचा भाग, आणि १९९३ पासून प्रवासी गाडी नाही. माणसं अर्धी वाट गाडीने आणि उरलेली बसने जातात. रूळ मात्र जागेवर आहेत. इथला जुना ब्रॉडगेज १६०० मिलिमीटरचा, बाकीच्या देशाशी जोडणारा स्टँडर्ड गेज १४३५ चा. मिल्ड्युराच्या मार्गाचं गेज बदललं, तेही मालगाड्यांसाठी. मी लातूरचा. आमच्याकडे मिरजेची नॅरोगेज गेली, ब्रॉडगेज आलं आणि लातूरला थेट मुंबईची गाडी मिळाली. इथे गेज बदलून द्राक्षांचा माल बंदरात पोचतो, आणि द्राक्षं पिकवणारा बस बदलत बसतो. वरून आता त्या गावाला गाडी द्यायची तर बॅलरॅट, बेंडिगोकडच्या जुन्या ब्रॉडगेजच्या गाड्या चालणारच नाहीत, स्टँडर्ड गेजवरच्या वेगळ्या लागतील. अशा गाड्या ऑल्बरीच्या मार्गावर धावतातच, त्यामुळे अशक्य असं काही नाही. निवडणूक आली की ही मागणी पुन्हा निघते.

तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलात तर एक करा. सकाळची बेंडिगोची गाडी धरा, उजव्या-डाव्या खिडकीचा वाद न घालता मिळेल तिथे बसा, आणि रविवारी निघणार असाल तर आदल्या रात्री वेळापत्रक बघून घ्या. रुळांचं काम रविवारीच निघतं, आणि मग १६० च्या गाडीऐवजी तुमच्या नशिबी बस येते.