सांगलीत बसून भाट्याची लाट ओळखायची: या सीझनची नोंद

या सीझनला मी एकच गोष्ट धरून ठेवली होती, सर्फबोर्डवर नीट उभं राहता येण्याआधी समुद्र वाचता आला पाहिजे. कारण रत्नागिरीत राहणारा पोरगा सकाळी गाडीवर जाऊन गावाजवळचा भाट्याचा किनारा बघून येतो आणि पाणी बरं नसलं तर घरी जाऊन चहा पितो, आपल्याला मात्र कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असं करत चार तास घालवून जायचं असतं, ते पण टपावर नऊ फुटी फोमबोर्ड बांधून. त्यामुळं आदल्या रात्री घरी बसून जायचं का नाही हे ठरवता येणं म्हणजेच आपल्यासाठी निम्मं सर्फिंग. ऑक्टोबर ते मे एवढ्यात जे जे पक्कं होत गेलं ते लिहून ठेवतोय, जे अजून फुटलेल्या पांढऱ्या पाण्यातच शिकतायत त्यांना जास्त उपयोगी पडंल.

तर पहिलं म्हणजे उंचीचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. विंडी, म्हणजे वारा आणि लाटांचा अंदाज दाखवणारं ॲप, उघडलं की डोळा आधी तिकडंच जातो, १.२ मीटर, वा, चला. पण तो आकडा सगळ्या लाटा मिळून असतो, म्हणजे लांबून आलेला स्वेल आणि तिथल्याच वाऱ्यानं उठवलेल्या लाटा एकत्र, शिवाय तो खुल्या समुद्रातला, किनाऱ्यावरचा नाही. आणि ती सगळ्या लाटांची सरासरी पण नसते, सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे अधूनमधून एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते हे नवख्या माणसानं डोक्यात ठेवलंच पाहिजे. म्हणून आता मी स्वेल आणि विंड वेव्ह वेगवेगळे लेयर उघडून बघतो, आणि त्यात सुद्धा आधी पिरियड, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते.

पिरियडचं गणित मला फार आवडतं आणि अवघड अजिबात नाही. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये साधारण १.५६ गुणिले पिरियडचा वर्ग. ६ सेकंदाची लाट म्हणजे ५६ मीटर लांब, १४ सेकंदाची म्हणजे तीनशे मीटरच्या वर. आता लाटेला तळ लागायला लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर, म्हणजे ६ सेकंदवाली २८ मीटर खोलीवर येईपर्यंत तळाशी तिचा काही संबंधच नाही आणि १४ सेकंदवालीला दीडशे मीटरवरच तळ जाणवायला लागतो, तिथनं ती वळत, सावरत, उंच होत येते. म्हणून ०.६ मीटर १४ सेकंद आणि ०.६ मीटर ६ सेकंद हे कागदावर सारखे दिसले तरी पाण्यात दोन वेगळी जनावरं आहेत. पहिल्यात रांगा स्पष्ट दिसतात, दोन लाटांत श्वास घ्यायला, बोर्ड फिरवायला वेळ मिळतो, पण ढकल जोरदार असते. दुसऱ्यात नुसता खळबळाट, एक गेली की लगेच दुसरी अंगावर.

आपण जिथं जातो तो भाट्याचा किनारा म्हणजे सपाट वाळूचा बीच ब्रेक, म्हणजे लाट वाळूवरच फुटते असा, मागं सुरूचं बन, उत्तरेला काजळी नदीची खाडी. लाट फुटते ती साधारण स्वतःच्या उंचीच्या १.३ पट खोलीत, म्हणजे ०.६ मीटरची लाट कमरेएवढ्या पाण्यात फुटणार आणि पडलात तरी खाली खडक नाही, वाळू. शिकायला याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे. पण भाट्याची खरी गंमत दिशेत आहे आणि हे मला या सीझनला नकाशा पुढ्यात घेऊन बसल्यावर नीट दिसलं. वायव्येला रत्नदुर्गाचा डोंगर समुद्रात घुसलाय. त्यामुळं वायव्येकडनं येणाऱ्या लाटांना त्याची आड होते, आणि नैऋत्येकडनं येणारी लाट मात्र सरळ आत येते. रत्नदुर्गाच्या पलीकडं मिऱ्याचा किनारा, ज्याला पांढरा समुद्र म्हणतात, तिथं बरोबर उलटं. एकाच गावात, एकाच सकाळी एका बाजूला लाट आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही असं होतं ते यामुळं.

आता हिवाळ्याची नोंद. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत समुद्र बहुतेक वेळा शांत, गुडघ्याएवढ्या लाटा. पण मधेच कधीतरी इराणच्या आखातावर शमाल नावाचा वायव्येचा वारा जोरात सुटतो आणि त्याचा स्वेल दोन-तीन दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन पोचतो, पिरियड ६ ते ८ सेकंद, दिशा वायव्य. डिसेंबर अखेरीला असाच एक आला होता, विंडीवर आकडा एक मीटरच्या वर दाखवत होता, आणि मी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं की दिशा ३१० अंश आहे, भाट्याला निम्मं सुद्धा येणार नाही. गेलो, मिऱ्यावर उभा राहिलो तर तिथं खवळलेलं, भाट्यावर मांडीएवढी स्वच्छ लाट. नवख्या माणसाला हेच पाहिजे की! फोरकास्ट मोठं दिसलं तरी किनारा ते गाळून देतोय, हे आधी सांगता आलं याचा आनंद मला त्या दिवशीच्या राइडपेक्षा जास्त झाला.

एप्रिल आला की चित्र पालटतं. दक्षिण महासागरात, चाळीस अंश दक्षिणेच्या खाली, वादळं सुरू झाली की तिथनं निघालेला १४ ते १८ सेकंदाचा स्वेल आपल्याकडं येतो. खोल पाण्यात या लाटांचा गट साधारण ताशी ४० किलोमीटरनं सरकतो, म्हणजे सहा-साडेसहा हजार किलोमीटर यायला आठवडा लागतो. याचा फायदा असा की रविवारी सांगलीत बसून बघितलं तर पुढच्या शनिवारचा अंदाज बऱ्यापैकी खरा निघतो, वाऱ्याचा मात्र निघत नाही. केरळात याच लाटांना कल्लक्कडल म्हणतात, वारा नाही, पाऊस नाही आणि अचानक पाणी घरात. त्यामुळं १६-१७ सेकंद दिसले की हरखून न जाता आधी हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, इशारा बघायचा, उंच लाटांचा किंवा स्वेल सर्जचा अलर्ट आपल्या जिल्ह्याला असेल तर विषयच संपला, बोर्ड घरी. नसेल आणि उंची पाऊण मीटरच्या आत असेल तर हे वर्षातलं सगळ्यात सुंदर पाणी असतं, हे मी ठामपणे सांगतो.

वाऱ्याचं आपण शाळेत शिकलोय तेच, मतलई आणि खारे वारे. रात्री जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीकडनं समुद्राकडं वाहतो, लाटेच्या तोंडावर हळूच येतो, तिला धरून ठेवतो, पाणी काचेसारखं. दहा-साडेदहाला वारा पडतो, मग फिरतो, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा बसला की संपलं, सगळं चुरगळून जातं. भाट्यावर रत्नदुर्गाचा थोडा आडोसा आहे म्हणून अर्धा-पाऊण तास जास्त मिळतो एवढंच. माझी हद्द १० नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, त्याच्या वर समुद्राकडनं वारा असेल तर मी शिकणाऱ्या कुणाला पाण्यात घेऊन जात नाही. आणि जमिनीकडनं जोरात वारा असेल तर ते पण वाईट, पाणी दिसायला छान दिसतं पण हलका फोमबोर्ड तुम्हाला आत आत घेऊन जातो आणि परत यायला हात भरून येतात. थोडक्यात सूर्य उगवताना पाण्यात असलं पाहिजे, म्हणजे सांगलीतनं रात्री एक-दीडला निघालं पाहिजे. जानेवारीत आंबा घाटात धुकं असतं, तेव्हा आणखी अर्धा तास आधी.

आणि मग भरती-ओहोटी, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिला पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशोब मुंबईचा म्हणून सांगतात, रत्नागिरीला भरती त्याच्या थोडी आधी येते, आणि नेमकी वेळ टाइड टेबलवरनंच घ्यायची, पण कुठला वीकेंड आपला हे महिनाभर आधी ठरवायला तिथी पुरते. आता बघा, आपल्याला काय पाहिजे? पहाटे ओहोटी संपलेली आणि पाणी चढायला लागलेलं, कारण चढत्या पाण्यात ओढ किनाऱ्याकडं असते आणि सपाट वाळूवर लाट लांबून हळूहळू सांडत येते. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की प्रतिपदा, द्वितीयेला भरती दुपारी पाऊण ते दीडच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेसात ते साडेसात. हेच आपले दिवस. पण हे उधाणाचे पण दिवस आहेत, पाणी वेगात चढतं, त्यामुळं दर दहा मिनिटांनी किनाऱ्यावरची एखादी खूण बघत राहायची. याउलट अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, पण सकाळभर पाणी उतरतच असतं आणि काजळीच्या मुखातनं बाहेर ओढ सुरू असते. तेव्हा खाडीच्या बाजूला फिरकायचं सुद्धा नाही, दक्षिणेकडं चालत जायचं, कितीही लांब वाटलं तरी.

हे सगळं झाल्यावर पण, चार तास गाडी चालवून आल्यावर पण, पाण्यात जायच्या आधी अर्धा तास नुसतं उभं राहायचं. सोबतची पोरं लई घाई करतात, मी ऐकत नाही. घड्याळ लावून दहा लाटा मोजायच्या, वेळेला दहानं भागलं की पिरियड हातात, मग फोरकास्टशी जुळतोय का बघायचं, नाही जुळला तर काहीतरी दुसरंच पाणी आहे. सुरूच्या शेंड्यांवरनं वारा बघायचा, झेंडा नसला तरी झाडं सांगतात. दोन सेटच्या, म्हणजे मोठ्या लाटांच्या गटांच्या, मधे किती शांतता आहे ते बघायचं, लांब पिरियडला पंधरा मिनिटं काहीच येत नाही आणि मग एकदम चार मोठ्या येतात, पाच मिनिटं बघून पाणी लहान आहे म्हणणारा तिथं फसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिप, म्हणजे समुद्राकडं ओढून नेणारा पाण्याचा पट्टा. जिथं दोन्हीकडं लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीयेत, पाणी गडद दिसतंय, फेस समुद्राकडं चाललाय, ती जागा शांत दिसते म्हणून लहान मुलांना घेऊन लोक तिथंच उतरतात. तीच धोक्याची. सापडलातच तर किनाऱ्याकडं पोहत ताकद घालवायची नाही, बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याला समांतर सरकायचं आणि पट्टा संपला की फुटणाऱ्या लाटेबरोबर किनाऱ्याला.

मासेमारी करणारे कोणी दिसले तर त्यांना विचारायचंच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं, लागली असेल तर त्या भागात जायचं नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आपला छंद आहे. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत बसलेला असला तर बाजूला होतो.

एप्रिल-मेमध्ये समुद्राकडं जेवढं बघता तेवढंच मागं सह्याद्रीकडं पण बघा. आपल्याकडं सांगलीत वळीव कसा येतो माहितीच आहे, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि तासाभरात धिंगाणा. तसेच ढग घाटावर उभे राहून खाली कोकणात उतरतात आणि पाण्यात तोंड समुद्राकडं असलेल्या माणसाला ते दिसत नाहीत. गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्यात नाही. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय अशी बातमी आली की पुढचा आठवडा रद्दच. मे २०२१ मध्ये तौक्ते कोकण किनाऱ्यासमोरनं वर गेलं ते सगळ्यांना आठवत असेल, चक्रीवादळ शेकडो किलोमीटर लांब असतानाच त्याचा स्वेल पुढं येतो, आकाश निळं असतं आणि पाणी बिघडलेलं असतं. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते, मी बोर्ड मेच्या मध्यालाच धुऊन ठेवतो आणि गणपती झाल्यावर पण लगेच काढत नाही, ऑक्टोबरपर्यंत पाणी निवळू देतो.

घरच्या सरावाचं थोडक्यात. बरेच जण विचारतात की कृष्णा दारात असताना पॅडलिंगला, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातानं पाणी मारायच्या सरावाला, नदीत का जात नाही. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत आणि नदी त्यांची पण आहे, त्यामुळं सराव पोहण्याच्या तलावातच, आणि पॉप-अप, म्हणजे पालथ्या अवस्थेतनं झटकन उभं राहणं, घरी चटईवर. खांदे मजबूत झाले की पाण्यात घाबरायला होत नाही, हा फरक मार्चपासून स्पष्ट जाणवला.

आत्ता मी कुठं आहे तर, पांढऱ्या पाण्यात उभं राहणं पक्कं आहे, न फुटलेली लाट एप्रिलमध्ये धरता यायला लागली, ०.६ मीटर, १५ सेकंद, दिशा २१० अंश म्हणजे नैऋत्येकडनं, पूर्वेचा अगदी हलका वारा, कृष्ण द्वितीया, हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला दिवस म्हणून वहीत आहे. डावीकडं वळणं अजून जमत नाही, ते पुढच्या सीझनला.

कराड-साताऱ्याकडच्या लोकांना भाट्यापेक्षा कुंभार्ली घाटानं चिपळूण आणि पुढं गुहागर जवळ पडतं. पण गुहागरचा किनारा सरळ पश्चिमेला तोंड करून आहे, रत्नदुर्गासारखी आड तिथं नाही, त्यामुळं शमालचा स्वेल आणि दक्षिणेचा स्वेल दोन्ही आत येणार, माझे भाट्याचे आकडे तिथं जसेच्या तसे वापरू नका, माझ्या अंदाजानं वायव्येच्या स्वेलला उंचीची हद्द अर्ध्या मीटरवर आणायला पाहिजे. तिथं जाणारं कोणी असेल तर तारीख, तिथी, पिरियड, दिशा, वारा आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष लाट किती दिसली एवढं लिहून ठेवा, ऑक्टोबरात दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघू.