प फ ब भ म: शब्दभ्रमाकडून डबिंगकडे

माझ्या पहिल्या बाहुल्याचं नाव मी बबन ठेवलं होतं. २०११ साली सांगलीत आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात पहिला कार्यक्रम केला. मी विचारलं, "काय रे, नाव काय तुझं?" आणि त्याला स्वतःचंच नाव सांगता येईना. बबन म्हणायचं तर ओठ दोनदा मिटणार. मिटले. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, "ताईच बोलतेय!" त्या रात्री बबनचा गजा झाला.

शब्दभ्रमात, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलकं करण्याच्या कलेत, पोटातून बोलतात अशी समजूत आहे. तसं काही नसतं. आवाज घशातूनच येतो. दात एकमेकांना हलकेच टेकलेले, ओठ जरासे विलग, चेहरा किंचित हसरा, आणि सगळं काम एकट्या जिभेचं. क, च, ट, त हे वर्ग ओठांशिवाय निघतात. अडतो तो पवर्ग: प, फ, ब, भ, म. यावर इलाज असा की पवर्गाच्या जागी तवर्ग घालायचा. प चा त, फ चा थ, ब चा द, भ चा ध, म चा न. पण मनात मात्र मूळ अक्षरच घट्ट धरायचं आणि जीभ दातांमागे अगदी मऊ लावायची. वाक्याचा अर्थ पुढे धावत असला की ऐकणाऱ्याचा कान उरलेलं स्वतःच भरून घेतो. "पोळी खाल्ली" पटकन खपून जातं, कारण "तोळी" कुणी खात नाही. पण "मामा आला" म्हटलं की "नाना आला" ऐकू येतं, आणि नाना तर घरोघरी असतात! मामा हा शब्द मी गजाच्या तोंडून कायमचा काढून टाकला.

रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव मी लहानपणी टीव्हीवर पाहिला होता. वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून आलेला तो बाहुला घेऊन रामदासजी १९६७ पासून रंगमंचावर उभे आहेत. तात्या विंचू त्यांचा, लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससाही त्यांचाच. सरावाला बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली: "अर्धवटराव" या नावात पवर्गातलं एकही अक्षर नाही. "तात्या विंचू"मध्येही नाही. व आहे, पण व ला ओठ पूर्ण मिटावे लागत नाहीत. मी संहिता लिहायला तिथून शिकले.

रोज आरशासमोर तासभर. ओठ स्थिर झाले, तरी बाहुला जिवंत होईना. मग कळलं की प्रेक्षकाचा डोळा हलणाऱ्या तोंडाकडे जातो आणि कान डोळ्याच्या मागून जातो. गजाचा जबडा प्रत्येक अक्षराला उघडायला हवा, आणि तो बोलत असताना मी त्याच्याकडे खरोखर ऐकत असल्यासारखं पाहायला हवं. हे ऐकणं सगळ्यात अवघड. बारीक आवाजासाठी घसा आवळून धरायची सवय लागली होती, ती मात्र महागात पडली. एका मे महिन्यात आवाज पूर्ण बसला. डॉक्टरांनी तीन आठवडे मौन सांगितलं. त्यानंतर गजाचा आवाज मी घशातून न काढता नाकाकडे आणि जिभेच्या मुळाकडे नेला. तो आजही तिथेच आहे.

सात वर्षं शाळांची संमेलनं, वाढदिवस, सोसायट्या केल्या. २०१८ मध्ये मुंबईत एका स्टुडिओत कार्टूनसाठी आवाजाची चाचणी दिली. लहान मुलग्यांचे आवाज बऱ्याचदा बायकाच देतात. निंजा हातोडीचा हिंदी आवाज मेघना एरंडे यांचा. त्यामुळे मला खात्री होती. पहिली ओळ बोलले आणि डबिंग डायरेक्टर म्हणाले, "ताई, आवाज छान आहे, पण शब्द तोंडातच राहतायत. ओठ उघडा की."

माझे ओठ उघडत नव्हते. जे लपवायला सात वर्षं घालवली, तेच इथे मागत होते. निवड झाली नाही. परतीच्या गाडीत मी रडले.

त्या दिवसांत मला अमेरिकेच्या एडगर बर्गन यांचा आधार वाटला. १९३७ पासून त्यांचा आणि चार्ली मॅकार्थी या बाहुल्याचा कार्यक्रम रेडिओवर वर्षानुवर्षं चालला. रेडिओवर ओठ कुणाला दिसणार? लोक चार्लीसाठी ऐकत होते. म्हणजे कसब ओठांत नव्हतं, दोन जीव वेगळे ठेवण्यात होतं, आणि ते तर मला येत होतं.

पुन्हा आरसा, यावेळी उलट्या कामासाठी. वर्षभराने गर्दीचे आवाज मिळू लागले: बाजारातली बाई, वर्गातली पोरं, पळणं, धापा, पडणं. कामं बहुतेक हिंदी, त्यामुळे च, ज, झ यांचं मराठी वळण घासून काढावं लागलं. पैसे काही ठिकाणी चार-चार महिन्यांनी आले. तरण्या मुलामुलींनी हा हिशेब आधी करावा, घरभाडं थांबत नाही.

या कामाचं मर्म मला पुन्हा पवर्गातच सापडलं. हेडफोनमध्ये मूळ भाषेतली ओळ वाजते, पडद्यावर चित्रातलं तोंड हलतं, आणि आपली ओळ तेवढ्याच वेळात बसवायची असते. चित्राचे ओठ मिटलेले ठळक दिसले की तिथे प, ब किंवा म यायला हवा, नाहीतर डोळ्याला खटकतं. मग ओळीतला शब्द बदलतात; ओठ सुरुवातीलाच मिटलेले असले तर "थांब"चं "पुरे" होतं. आणि भ, फ माइकवर फुंकरीसारखे आदळतात, म्हणून समोर जाळी असली तरी तोंड थोडं तिरपं ठेवायचं.

अलीकडेच एका कार्टूनच्या मराठी भागात मला मोठी भूमिका मिळाली. हरवलेला मुलगा जत्रेत आपल्या माणसाला ओळखतो आणि धावत सुटतो. कागदावर "काका!" होतं. मी चित्र दोनदा पाहिलं. ओठ दोन्ही वेळा मिटत होते. मी विचारलं, "सर, मामा करू का?"

"करा."

लाल दिवा लागला. मी दोन्ही ओठ गच्च मिटले आणि "मामा!" म्हणून हाक मारली.