दोन अंगठे

परवा दुपारी कपाट आवरताना आजीचं 'उपासना संगीत', चर्चमधल्या गीतांचं पुस्तक, हाती लागलं. पुठ्ठा सुटलेला, शिवण उसवलेली, आणि पानापानाच्या खालच्या कोपऱ्यांवर डाग. डावीकडचे तेलाचे, उजवीकडचे तपकिरी, मिश्रीचे. आजीनं जन्मात मिश्री लावली नाही. चहा गार झाला तेव्हा उलगडलं, हा दुसरा अंगठा काकूंचा.

नगरच्या आमच्या चर्चमध्ये पुस्तकं कायम कमी पडायची. पाळकांनी गीताचा क्रमांक सांगितला की आधी पानांची फडफड, मग पेटीवाल्या मास्तरांचं खाकरणं. आजीशेजारची जागा काकूंची. भिंतीला भिंत लागून घरं, आणि नळाच्या पाण्यावरून दोघींचा चार वर्षं अबोला. पण बाक कोण बदलणार? ती तर माघार झाली असती! त्यामुळे दर रविवारी पुस्तक एक, धरणाऱ्या दोघी. पान उलटायचं झालं की काकू नुसतं 'हं' म्हणायच्या. ते बोलण्यात धरत नसत.

गंमत म्हणजे आजीला वाचता येत नव्हतं. सगळी गीतं पाठ. मग पुस्तक कशाला धरतेस, म्हणून मी एकदा विचारलं. "तिचा हात थरथरतो," एवढंच म्हणाली.

अमेरिकन मिशनचे साहेब 1831 साली नगरला आले, त्यांच्या मागोमाग त्यांच्या चालीही आल्या. त्या चालीचं गीत लागलं की आमची मंडळी शाळेच्या कवायतीला उभी राहिल्यासारखी गायची. आजी तर ओठच हलवायची नुसते. मग रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग निघायचा. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कीर्तनवेड्या माणसानं तुकोबांची वाट चर्चच्या दारापर्यंत आणून सोडली, आणि आमच्या बायकांना एकदाचं घरच्यासारखं गाता आलं. टाळ वाजला की आजीचा आवाज सुटायचा. सुटायचा तो सुटायचाच. ओळ संपली तरी तिचा शेवटचा स्वर रेंगाळत राहायचा, आणि तिच्यामागे सगळ्या म्हाताऱ्या. तबलजी वैतागायचा. मास्तर मात्र भाता धरून थांबायचे. त्या बायका येऊन पोहोचल्याशिवाय पुढचं कडवं सुरू होत नसे.

आता भिंतीवर पडदा आहे, शब्द त्यावर उमटतात. कुणाला कुणाचं पुस्तक लागत नाही. गाणं वेळेत संपतं. मला ते वेळेत संपलेलं आवडत नाही, हा माझा खुळेपणा असेल.

आजी गेली तेव्हा कबरस्तानात पेटी नव्हती. काकूंनीच सुरुवात केली आणि सूर भलताच चढा लागला. मास्तर शेजारीच उभे होते, खाली आणता आला असता त्यांना. नाही आणला. आम्ही सगळे त्याच सुरात, चिरक्या, फाटक्या आवाजात शेवटच्या कडव्यापर्यंत गेलो. काकूंना प्रत्येक ओळीला वेळ लागत होता. थांबत होतो.

पुस्तक बाइंडरकडे टाकावं म्हणून पिशवीत घातलं होतं. मग आठवलं, बाइंडर शिवून झाल्यावर तिन्ही कडा कापून सारख्या करतो. काढून ठेवलं परत.