कल्याणच्या पुढे घर शोधताना

मुलीची चौथीची परीक्षा दोन महिन्यांवर आली असताना माझी सोलापूरहून ठाण्याला बदली झाली. वागळे इस्टेटमधील कचेरीत वेळेवर पोहोचता येईल, खिशाला झेपेल आणि जवळ चांगली शाळा असेल, असे घर शोधणे भाग पडले. ठाणे शहरातील भाव ऐकून तो विषय आम्ही पहिल्याच दिवशी सोडला. मग मध्य रेल्वेवरील डोंबिवली, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नावे उरली.

नकाशावर ही गावे एका ओळीत दिसतात. मुंबईच्या सीएसएमटी स्थानकापासून डोंबिवली साधारण 48, अंबरनाथ 60 आणि बदलापूर 68 किलोमीटरवर आहे. जसजसे पुढे जावे तसतसे घर मोठे आणि स्वस्त होत जाते, इतके की अंबरनाथला जुन्या इमारतीतील वन बीएचकेला जे पैसे सांगितले जात होते, जवळपास त्याच पैशांत बदलापूरला मोठ्या गॅलरीचा नवा टू बीएचके मिळत होता. मात्र ही स्वस्ताई फुकटची नसते. बदलापूरहून मला दररोज जाऊन-येऊन चाळीस मिनिटे जास्त लागणार होती, आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तो हिशेब दोनशे तासांवर जातो. हे गणित कागदावर मांडण्याआधी मी तिन्ही स्थानकांवरून सोमवारी सकाळी ऐन गर्दीत ठाण्यापर्यंत प्रवास करून पाहिला. बदलापूरहूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, अंबरनाथला कर्जतहून आलेल्या लोकलमध्ये उभे राहायला मिळाले, आणि डोंबिवलीला पहिल्या दोन गाड्या मी नुसत्या जाताना पाहिल्या.

शाळांच्या बाबतीत डोंबिवलीची बाजू निःसंशय वरचढ होती. टिळकनगर विद्यामंदिरासारख्या जुन्या मराठी शाळा आणि पुढे पेंढरकर महाविद्यालय, अशी सोय असलेल्या गावात मुलांची शाळा हा चर्चेचा नेहमीचा विषय असतो. परंतु पाचवीत बाहेरगावच्या मुलीला जागा मिळणे ही वेगळीच गोष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यातील 25 टक्के राखीव जागा प्रवेशाच्या पहिल्या पायरीवरच असतात, त्यामुळे अधल्यामधल्या इयत्तेत येणाऱ्या मुलांना त्यांचा उपयोग नाही. एका शाळेच्या कार्यालयात तर आम्हाला सोलापूरचा शाळा सोडल्याचा दाखला आणल्याशिवाय जागा आहे की नाही हेही सांगणार नाही, असे ऐकवण्यात आले. आणि पुढची जागा नक्की झाल्याशिवाय दाखला काढणे म्हणजे मुलीला अधांतरी ठेवणे होते.

शाळा पारखण्याची माझी पद्धत यातूनच ठरली. दहावीच्या निकालाचे फलक सगळीकडेच लागलेले असतात. त्यापेक्षा शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात अर्धा तास उभे राहिले, तर अधिक कळते. अंबरनाथ पूर्वेला एका सेमी-इंग्रजी शाळेसमोर मी असाच उभा होतो. निम्म्याहून अधिक मुले पायी घरी निघाली होती, दोन शिक्षिका रस्ता ओलांडणाऱ्या लहानग्यांजवळ थांबल्या होत्या, आणि गणिताच्या बाई किती वर्षांपासून आहेत, असे विचारताच दुकानदार म्हणाला, “माझ्या पोरीला पण त्यांनीच शिकवलं, ती आता कॉलेजात आहे.” शिक्षक टिकतात ती शाळा बरी, असे माझे मत आहे, आणि कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मी या वाक्याला जास्त वजन दिले.

बदलापूरचा तो मोठा फ्लॅट मात्र आम्हाला सुटत नव्हता. तो पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला होता. जुलै 2019 मध्ये याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हे मला आठवत होते. इमारतीच्या तळमजल्यावर वाहने उभी करण्याच्या जागेत विजेच्या मीटरच्या पेट्या डोक्याच्याही वर बसवलेल्या होत्या, आणि खाली भिंतीवर जुन्या पेट्यांच्या खिळ्यांची भोके तशीच होती. वॉचमनला विचारले तर तो म्हणाला, “पाणी येतं हो साहेब कधीमधी, पण तुमचा तिसरा मजला ना?” मुलीला त्या दिवशी शाळेतून तिसऱ्या मजल्यापर्यंत कोण आणणार, हे मी त्याला विचारले नाही.

कागदपत्रांविषयी एवढेच सांगतो की, महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, क्रमांक पाहून थांबू नये. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर ही नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला, आणि तेथे घरे घेतलेली माणसेही आपल्यासारखीच क्रमांक पाहून गेलेली होती. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) ज्या कार्यालयातून दिले जाते तेथेच जाऊन पडताळावे. जुन्या इमारतीत सोसायटीच्या सचिवांकडे उन्हाळ्यातील टँकरची बिले मागावीत. ती दाखवायला कोणी कुरकुर करू लागले, तर त्यातूनही पाण्याची स्थिती कळते.

आम्ही अंबरनाथ पूर्वेला आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहिलो आणि पावसाळा पाहून, त्याच गल्लीतील वीस वर्षांच्या इमारतीत वन बीएचके घेतला. व्यवहार पत्नीच्या नावावर केल्यामुळे मुद्रांक शुल्कात महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत मिळाली, आणि त्या पैशांत स्वयंपाकघराचा ओटा बदलून झाला. मुलगी आता सातवीत आहे आणि बारा मिनिटांत चालत शाळेत जाते. तिचे अभ्यासाचे टेबल बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी आहे. परीक्षेच्या दिवसांत आम्ही बातम्या आवाज बंद करून पाहतो, आणि अशा वेळी पत्नी बदलापूरच्या त्या गॅलरीची आठवण हमखास काढते.